मुखपृष्ठ भिंतीवर, तक्ता मात्र रद्दीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर सोलापुरात घरोघरचे माळे रिकामे होतात आणि शिवणकामाच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे खाली येतात. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेले बुर्डा या जर्मन शिवण-मासिकाचे अंक, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली व्होग या फॅशन मासिकाची पॅटर्न पुस्तकं, पाकिटांतले फर्मे, म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने. या मासिकांचं आता पुन्हा कौतुक होऊ लागलं आहे, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण ते कौतुक चित्रांपाशी थांबतं. मुखपृष्ठ चौकटीत बसून भिंतीवर लागतं, आतल्या पानांचे फोटो मोबाइलवर फिरतात, आणि अंकाच्या मध्यात घडी घालून ठेवलेला तो भला मोठा कागद, रंगीत रेघांचं जाळं असलेला, "यातलं काही कळत नाही" म्हणून रद्दीवाल्याच्या काट्यावर जातो. शिवणाऱ्या माणसासाठी अख्ख्या अंकाचा जीव त्या कागदात असतो. त्याला आम्ही तक्ता म्हणतो. तक्ता गेलेला अंक म्हणजे नुसतं चित्रांचं पुस्तक. म्हणून हे पत्र.

तयार फर्मा घरोघर पोहोचवण्याचं काम अमेरिकेतल्या एका शिंप्यानं मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावी वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे काढले. व्होग मासिकानं १८९९ मध्ये फर्मे द्यायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये 'पॅरिस ओरिजिनल' या नावानं बाल्मँ, फाथ, स्कियापरेली यांच्यासारख्या पॅरिसच्या नामांकित फॅशनघरांचे फर्मे विक्रीला आणले. त्या पाकिटात कपड्याला आतून शिवायची विणलेली नावाची पट्टीसुद्धा मिळे. जर्मनीत ऑफेनबुर्गच्या एने बुर्डा यांनी जानेवारी १९५० मध्ये 'बुर्डा मोडेन'चा पहिला अंक काढला, तोही १ लाख प्रतींचा. १९५२ पासून अंकात तक्ता येऊ लागला, आणि १९८७ मध्ये हे मासिक रशियन भाषेतही निघालं. पॅरिसच्या कारागिराचा मुंढ्याचा, म्हणजे बाही बसते त्या जागेचा, वळसा गावातल्या बाईच्या पायमशीनपर्यंत नेणारी ही मासिकं होती. ज्यांना ती आठवतात, त्यांच्या मनात त्यांच्याविषयी एवढी माया का आहे, हे त्यावरून समजावं.

आता तक्ता वाचायचा कसा, ते सांगतो. बहुतेक तक्ते न समजल्यामुळेच फेकले जातात, आणि खरं तर तो समजायला अर्धा तास पुरतो. बुर्डाच्या अंकात प्रत्येक कपड्याच्या सूचनांपाशी तीन गोष्टी दिलेल्या असतात: तक्त्याची कोणती बाजू, रेघेचा रंग कोणता आणि भागांचे आकडे कोणते. समजा, लाल रंग आणि भाग १ ते ६. तक्त्याच्या कडेला लाल रंगातला १ हा आकडा शोधायचा आणि तिथून सरळ आत जायचं. जाळ्यात तोच लाल १ पुन्हा सापडतो. ज्या रेघेला तो लागून आहे, तो तुमचा भाग. मापं एकात एक बसवलेली असतात आणि प्रत्येक मापाची रेघ वेगळी: एक सलग, एक तुटक, एक रेघ-ठिपक्याची. आपल्या मापाची रेघ कशी दिसते, हे आधी कोष्टकात पाहून कागदाच्या तुकड्यावर काढून समोर ठेवावं. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे डोळा हमखास फसतो, विशेषतः मुंढ्याच्या खालच्या वळणावर. भाग उतरवून झाला की जोडावरचे आकडे जुळवून पाहावेत. पुढच्या भागाच्या कडेवर ३ असेल तर तो पाठीच्या ३ ला जोडायचा असतो, आणि दोन्ही कडांची लांबी सारखी यायला हवी. टक (कापड चिमटीत घेऊन शिवलेली टोकदार घडी) किंवा चुण्या असतील तिथे तेवढा फरक चालतो. एरवी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर मध्ये कुठेतरी शेजारच्या मापाच्या रेघेवर गेलात असं समजा.

उतरवताना मूळ तक्त्यावर ट्रेसिंग व्हील अजिबात फिरवू नये. चाकाचे दात कागदाला भोकं पाडतात आणि दोन-तीनदा उतरवलेला तक्ता त्या रेघेवरच फाटतो. वर ट्रेसिंग पेपर किंवा जेवणाच्या टेबलावर घालतात ते पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरावं, कोपऱ्यांवर वजनं ठेवावीत आणि कागदावर पेन्सिलनं, प्लास्टिकवर मार्करनं रेघ ओढावी. उतरवलेली प्रत खाकी कागदावर घ्यायची असेल तर तिथे चाक खुशाल चालवा. खाली सोलापुरी चादरीची दुहेरी घडी असली की खुणा स्वच्छ उमटतात. बाह्यरेघ काढून काम संपत नाही. उभ्या धाग्याचा बाण (कापडाच्या लांबीची दिशा दाखवणारा), घडीची रेघ, टकांची टोकं, जोडाच्या खुणा, खिशाची व काजांची जागा हे सगळं उतरवायचं. उभ्या धाग्याचा बाण राहिला तर कपडा कापताना तिरका लागतो आणि पहिल्या धुण्यानंतर बाजूची शिवण पोटावर येते.

सर्वात जास्त कापड ज्या चुकीनं वाया जातं, ती मायेची, म्हणजे शिवणीबाहेर सोडायच्या जादा कापडाची. बुर्डाच्या तक्त्यावरची रेघ ही शिवणीची रेघ असते, कापायची नव्हे. शिवणीला १.५ सेंमी आणि खालच्या दुमडीला ४ सेंमी माया आपण स्वतः सोडायची. पाकिटातल्या अमेरिकन फर्म्यात बहुधा ही माया आधीच धरलेली असते, साधारण ५/८ इंच, म्हणजे सुमारे १.५ सेंमी. दोन्हींची सरमिसळ झाली की काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. चार तुकड्यांच्या ड्रेसला आठ कडा. प्रत्येक कडेला १.५ सेंमी कमी धरली तर घेर १२ सेंमीनं घटतो. असा ड्रेस उसवूनही सुधारत नाही, कारण आत सोडायला कापडच नसतं. म्हणून उतरवलेल्या प्रत्येक तुकड्यावर 'मायेसह' किंवा 'मायेशिवाय' असं ठळक लिहून ठेवावं. शिवणवर्गात आल्या दिवशीच लावण्यासारखी ही सवय आहे.

जुने फर्मे काही वेळा कोरेच असतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्होगच्या फर्म्यांवर छपाई नसे, फक्त भोकं आणि कडेला कात्रीच्या खाचा. कोणत्या भोकाचा अर्थ काय, हे सोबतच्या सूचनापत्रात असतं. म्हणून ते पत्र आणि तुकडे वेगळे होऊ देऊ नयेत.

मापाच्या आकड्यावर जाऊ नका, हे आमचं ठाम मत आहे. अमेरिकन पाकिटांवर १९६८ च्या सुमारास आकडे बदलले. आधी ३४ इंच छातीला जे १४ नंबर होतं, ते नंतर १२ झालं. पाकिटावर छातीचं माप छापलेलं असतं, तेच पाहायचं. बुर्डाच्या नेहमीच्या मापांत एका मापातून दुसऱ्या मापात छाती ४ सेंमीनं वाढते. ४० नंबरला ९२, ४२ ला ९६. इथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. छातीच्या भरलेल्या मापावरून, म्हणजे सर्वात उंच जागेवरच्या घेरावरून, नंबर निवडला जातो आणि मग गळा उघडा पडतो, खांदे घसरतात. हे फर्मे अशा अंगासाठी आखलेले असतात की काखेतून, छातीच्या वरून घेतलेलं माप आणि भरलेलं माप यांत साधारण ५ सेंमी फरक असतो. समजा, काखेतलं माप ८७ आणि भरलेलं ९६. तेव्हा ८७ अधिक ५, म्हणजे ९२ चा ४० नंबर घ्यायचा आणि राहिलेले ४ सेंमी फक्त पुढच्या भागात वाढवायचे, म्हणजे अर्ध्या पुढच्या तुकड्यात २ सेंमी. त्यासाठी तुकडा टकाच्या टोकापासून मुंढ्यापर्यंत आणि खालपर्यंत कापून उघडायचा, मुंढ्याची शिवणरेघ अखंड ठेवायची. गळा आणि खांदा ४० नंबरचाच राहतो, आणि तिथेच कपडा बसतो.

उंचीचंही तसंच. बुर्डाचं मुख्य कोष्टक १६८ सेंमी उंचीच्या बाईसाठी आहे. काही नमुने १६० सेंमी उंचीसाठी वेगळे येतात आणि त्यांचा नंबर निम्मा असतो, ३८ चा १९, ४० चा २०. तक्त्यावर १९ पाहून ते लहान मुलीचं माप समजून पुढे जाऊ नका. आपल्याकडच्या १५३-१५५ सेंमी उंचीच्या बाईसाठी मोठा नमुना खालून कापून भागत नाही. तसं केलं तर कंबर सीटवर (नितंबांवर) उतरते आणि पाठीत आडवी वळी पडते. सुरुवातीचा अंदाज म्हणून मुंढ्याच्या मध्यावर १ सेंमी, मुंढा आणि कंबर यांच्यामध्ये २ सेंमी, कंबर आणि सीट यांच्यामध्ये १.५ सेंमी अशा आडव्या घड्या कागदातच घालाव्यात आणि बाहीलाही मुंढ्याच्या पातळीवर तेवढाच १ सेंमी कमी करावा. मग मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून अंगावर पाहावा. मांजरपाट मीटरभर जास्त गेला तरी चालेल. चांगल्या कापडाला थेट कात्री लावणं हे धाडस नाही, नासाडी आहे.

कापडाच्या हिशेबाकडे येऊ. अंकात दिलेली लांबी बहुधा ९० किंवा १४० सेंमी पन्ह्यासाठी, म्हणजे कापडाच्या रुंदीसाठी, असते. आपल्याकडच्या सुती कापडाचा पन्हा ३६, ४४ किंवा ५८ इंच. १४० च्या हिशेबाचं कापड ४४ इंचात, म्हणजे ११२ सेंमीत घ्यायचं तर नुसतं सव्वापट करून चालत नाही. घेरदार स्कर्टचा एक तुकडा एका पन्ह्यात मावत नाही आणि अचानक एक पूर्ण उंची वाढते. जमिनीवर ११२ सेंमीवर दोन दोऱ्या ताणून त्यात कागदी तुकडे मांडावेत, लांबी मोजावी आणि मग चाटी गल्लीत, म्हणजे आपल्या कापड बाजारात, जावं. सुती कापड आधी भिजवून वाळवावं. ४ टक्के आटलं तरी अडीच मीटरला १० सेंमी जातात.

जुन्या इरकलीतून असे कपडे शिवायची आवड इथे बरीच आहे. तिथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काठ उभ्या धाग्याच्या दिशेनं धावतो. तो स्कर्टच्या खालच्या कडेला हवा असेल तर तुकडे आडवे मांडावे लागतात आणि बाण ९० अंशांत फिरतो. सरळ किंवा चुण्यांच्या स्कर्टला हे छान जमतं. खालची कड गोल असलेल्या घेरदार स्कर्टला काठ जमत नाही, कारण सरळ काठ गोल कडेवर बसवताना आतल्या बाजूला चुण्या पडतात. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावरच्या, कापाच्या नमुन्यांना तर काठाचं कापड वापरूच नये. उरेब कापलेला ड्रेस शिवल्यावर खालची दुमड घालण्याआधी निदान एक पूर्ण दिवस टांगून ठेवायचा असतो, कारण तिरका धागा आपल्या वजनानं उतरतो, तोही सगळीकडे सारखा नाही. टांगल्यावर जमिनीपासून पट्टीनं मोजून खूण करावी.

जुने डिझायनर नमुने आपल्या कापडात बिघडतात ते मुख्यतः बाहीत. पॅरिसचा किंवा जर्मनीचा कोट लोकरीच्या कापडासाठी आखलेला असतो. त्यात बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्यापेक्षा ३ ते ४ सेंमी जास्त ठेवतात; लोकर वाफेवर इस्त्री केली की ती जास्तीची लांबी जिरवून घेते आणि खांदा भरदार दिसतो. पॉपलीन किंवा टेरीकॉट ते करत नाही, त्यामुळे खांद्यावर चुण्या येतात आणि दोष शिवणारीच्या हातावर येतो. सुती कापडाला १.५ ते २ सेंमी पुरे. बाहीच्या गोलाईच्या निम्म्या उंचीवर कागदात अर्ध्या सेंटिमीटरची आडवी घडी घातली की सुमारे १ सेंमी कमी होतो. त्याहून जास्त काढायचं असेल तर दोन घड्या घाला, एकच मोठी नको. गोलाईचा वळसा मोडतो.

१९८० च्या दशकातल्या नमुन्यांत खांद्याला पॅड असतो. पॅड आवडत नाही म्हणून नुसता काढून टाकला तर खांद्याचं टोक हवेत राहतं आणि मुंढ्यातून पुढे तिरकी वळी पडते. पॅड जेवढा जाड, समजा १.५ सेंमी, तेवढं खांद्याचं बाहेरचं टोक खाली घ्यायचं आणि मुंढ्याचा तळही तेवढाच खाली न्यायचा. मुंढ्याची गोलाई कायम राहते आणि बाही तीच चालते. गळ्याकडचं टोक हलवायचं नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आमचे मास्तर छातीच्या मापावरून थेट कापडावर खडूनं आखतात, त्यांना तक्त्याची गरज काय? त्या हाताला आमचा नमस्कारच आहे. पण छातीचा चौथा हिस्सा, सहावा हिस्सा, बारावा हिस्सा या हिशेबात गृहीत असतं की छाती वाढली की गळा आणि खांदाही त्याच प्रमाणात वाढतात. अंग तसं वाढत नाही. तक्त्यावर हे डोळ्यांना दिसतं. एकात एक बसवलेल्या पाच मापांत बाजूच्या शिवणीपाशी रेघा लांब-लांब असतात आणि गळ्यापाशी जवळजवळ चिकटलेल्या. छाती ४ सेंमीनं वाढते, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या तुकड्याला १ सेंमी. पण तो १ सेंमी खांदा, मुंढा आणि बाजू यांत कसा वाटला आहे, हे त्या रेघांत उघड लिहिलेलं असतं. आपलं शहर शाळा-कॉलेजांच्या गणवेशांसाठी ओळखलं जातं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या कारखान्यांत एकाच शर्टाची दहा-बारा मापं रोज काढली जातात, बरीच संगणकावर. ग्रेडिंग, म्हणजे एका मापातून लहान-मोठी मापं काढणं, शिकणाऱ्या मुला-मुलींनी आठवडाभर असा एखादा तक्ता समोर ठेवला तर पडद्यावरचे आकडे कशासाठी आहेत, ते कळेल. तक्त्यावर नसलेलं पुढचं मापही यातूनच काढता येतं: सर्व मापांतला एकच कोपरा, उदाहरणार्थ काखेचा, पट्टीनं जोडायचा आणि रेघ तेवढ्याच अंतरानं पुढे न्यायची. असं प्रत्येक कोपऱ्यात करून वळसे जोडायचे. दोन मापांपेक्षा पुढे मात्र जाऊ नये. मुंढा खोल होत जातो आणि हात वर केला की सगळा कपडा वर येतो.

राहिला कागद जपण्याचा प्रश्न. तक्त्याचा कागद हलका आणि वर्तमानपत्री जातीचा. सोलापूरचा उन्हाळा त्याला कोरडा, ठिसूळ करतो आणि पावसाळ्यात कसर लागते. उन्हात वाळवू नये, पिवळेपणा वाढतो. सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांत टेप गळून पडते, तिचा डिंक राहतो आणि दोन घड्या एकमेकींना चिकटतात. फाटलेल्या जागी मागून पातळ ट्रेसिंग पेपरची पट्टी गव्हाच्या पातळ खळीनं लावावी, खळ अगदी थोडी, आणि वजनाखाली सुकू द्यावी. घडी जुन्याच रेषेवर पुन्हा पुन्हा घालू नये. सुरळी करता आली तर उत्तम. सुरकुत्या काढायला इस्त्री अगदी मंद, वाफेशिवाय, वर पांढरं सुती कापड. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, त्यांचा गंज कागद खातो.

प्रत काढताना घाई नको. मोबाइलनं काढलेल्या फोटोत कडेची मापं वाकतात. तो वाचण्यापुरता ठीक, कापण्यासाठी नाही. इमारतींचे नकाशे जिथे स्कॅन होतात तिथे ए-शून्य आकाराचा, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा कागद चालतो. स्कॅनच्या आधी तक्त्याच्या कोऱ्या कडेवर स्टीलची पट्टी ठेवावी, म्हणजे छापील प्रतीत ती मोजून खात्री करता येते. प्रत १ टक्का लहान आली तर मीटरभर लांबीत १ सेंमी जातो. उंचीला तो निभावतो, घेराला नाही.

आता विनंती. माळा आवरणाऱ्यांनी अंक विकायचाच असेल तर तक्ता आणि सूचनांची पानं अंकातच राहू द्यावीत. सुटा तक्ता सापडला तर त्यावर अंकाचा महिना आणि वर्ष पेन्सिलनं लिहावं, कारण त्याविना तो कोणत्या कपड्यांचा आहे हे कळायला मार्ग नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या आपल्या जुन्या वाचनालयांनी असे अंक भेट म्हणून स्वीकारावेत, आणि बांधणी करताना तक्ता मध्ये शिवून टाकण्याऐवजी मागच्या पुठ्ठ्याला खिसा करून त्यात ठेवावा. शिवलेला तक्ता उघडता येत नाही.

आणि आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पुरवणीत आठवड्याला एक छोटा नमुना छापावा: बाळाचं झबलं, मुलीचा फ्रॉक, साधं ब्लाउज. पूर्ण मापाची जागा लागत नाही. चौकटींच्या कागदावर लहान आकृती द्यावी, एक चौकट म्हणजे ५ सेंमी. वाचक खाकी कागदावर ५-५ सेंमीच्या चौकटी आखून ती वाढवून घेतील. आकृतीसोबत उभ्या धाग्याचा बाण, छातीचं आणि उंचीचं माप, लागणारं कापड कोणत्या पन्ह्याचं, आणि माया धरली आहे की नाही, एवढं जरूर छापावं. आकृती तपासून द्यायला आणि मांजरपाटात शिवून पाहायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सोलापुरातील काही शिवणवर्ग शिक्षिका आणि कटिंग मास्तर